हवेतले गायरान आणि दीड हजारांचे खोके

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचा मेळावा भरला होता. तिथे विद्युतचुंबकीय लहरींवर बोलायला आम्हाला बोलावले होते. मॅक्सवेलची समीकरणे, हर्ट्झची ठिणगी, जगदीशचंद्र बोसांचे कलकत्त्यातले प्रयोग असे सगळे रीतसर सांगून झाले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, लहरी समजल्या. आता एक घरगुती प्रश्न विचारते. मुलगी बारावीला आहे, घरी वायफायचा राऊटर घ्यायचाय. दीड हजाराच्या वर जायची तयारी नाही. दुकानदार म्हणतो चार अँटेनांचा घ्या, भाचा म्हणतो दोन अँटेनांचा पुरे. कोणाचं ऐकू?"

सभागृहात हशा पिकला. आम्हीही काहीतरी जुजबी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परतीच्या एस.टी.त मात्र रुखरुख लागून राहिली. बाईंचा प्रश्न आमच्या तासाभराच्या भाषणापेक्षा चांगला होता. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर खोक्यावर छापलेल्या आकड्यांचा अर्थ सांगावा लागतो, आणि तो सांगायचा तर पन्नासएक वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. ते राहून गेलेले उत्तर इथे देत आहोत.

आधी एका गोष्टीचे आश्चर्य वाटायला हवे. राऊटर म्हणजे एक चिमुकले आकाशवाणी केंद्रच. त्यात प्रक्षेपक आहे, ग्राहक आहे आणि दोघांचा कारभार पाहणारा एक छोटा संगणकही आहे. आपल्या आजोबांच्या काळी नुसता ऐकण्याचा रेडिओ घरात ठेवायचा तरी परवाना लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी पोस्टात जाऊन भरावे लागे. आज आपण बोलणारे आणि ऐकणारे केंद्र दुकानातून पिशवीत घालून आणतो आणि कोणाची परवानगी काढत नाही. हे कसे शक्य झाले? इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाले हे खरे, पण ते निम्मेच उत्तर आहे.

बेटांवरचा संगणक

गोष्ट सुरू होते हवाई बेटांवर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता आणि विद्यापीठाच्या इतर शाखा वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेल्या होत्या. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा नॉर्मन अब्राम्सन या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांऐवजी रेडिओलहरी वापरायचे ठरवले. १९७१ साली त्यांचे 'अलोहानेट' सुरू झाले.

अडचण अशी होती की सगळ्या बेटांना संगणकाशी बोलण्यासाठी एकच वारंवारता वाटून घ्यायची होती. प्रत्येकाला ठरावीक वेळ नेमून द्यावी, तर ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्याचीही वेळ राखून ठेवावी लागते. अब्राम्सन यांनी उलटा विचार केला. संदेशाचे छोटे छोटे तुकडे करायचे, म्हणजे जणू पत्ता लिहिलेली पाकिटे. ज्याच्याकडे पाकीट तयार असेल त्याने सरळ पाठवून द्यावे. पोचल्याची पावती आली तर उत्तम. दोघांची पाकिटे एकाच वेळी निघून एकमेकांवर आदळली तर पावती येणार नाही. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावे. हा वेळ मात्र प्रत्येकाने आपापला, कसाही निवडायचा. दोघेही सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच!

आपल्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. हात वर न करता उत्तर देणारा पाचवीचा वर्ग असाच चालतो. गणित केले तर दिसते की अशा मोकाट पद्धतीत उपलब्ध वेळापैकी जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. बाकीचा टकरींत आणि शांततेत जातो. तरीही व्यवस्था चालली, कारण तिला वर्गनायक लागत नव्हता. पुढे १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी याच कल्पनेत सुधारणा करून संगणकांना तारेने जोडणारी 'इथरनेट' पद्धत आखली. तिच्यात बोलण्यापूर्वी ऐकावे हा नियम आला. आपल्या घरातला राऊटर आजही मुळात तोच नियम पाळतो. आधी ऐकतो, हवा मोकळी असेल तर बोलतो, नसेल तर मनाशी एक आकडा मोजून थांबतो.

कोणालाच नको असलेली जागा

बोलण्याची पद्धत मिळाली, पण बोलायचे कोणत्या वारंवारतेवर? रेडिओलहरींचा प्रदेश शेतजमिनीसारखा आहे. तो मर्यादित आहे आणि त्याचे सातबारे कधीच निघालेले आहेत. काही भाग सैन्याचा, काही विमानांचा, काही नभोवाणीचा. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी राखून ठेवले गेले. हे पट्टे संदेशवहनासाठी नव्हते. लाकूड सुकवणे, शरीराला शेक देणे, अन्न तापवणे अशा कामांसाठी लहरी निर्माण करणाऱ्या यंत्रांनी या हद्दीत हवा तेवढा गोंगाट करावा, एवढाच हेतू होता.

यातलाच एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते ती याच कारणाने. पाण्याचे रेणू नेमक्या याच वारंवारतेला अनुनादित होतात असे काही पुस्तकांत लिहिलेले आढळते, पण ते बरोबर नाही. पाणी वारंवारतेच्या फार मोठ्या पल्ल्यात लहरी शोषून घेते. २.४५ हा आकडा रेणूंनी ठरवलेला नाही. तो वाटाघाटींतून ठरला आहे.

ज्या हद्दीत भट्ट्या गोंगाट करतात तिथे संदेश पाठवायला कोण जाणार? अमेरिकेत या पट्ट्यांना उपहासाने 'कचरापट्टे' म्हटले जाई. तिथल्या संघराज्य दळणवळण आयोगात मायकेल मार्कस नावाचे एक अभियंते होते. संदेशाची ऊर्जा एकाच वारंवारतेवर एकवटण्याऐवजी ती रुंद पट्ट्यावर पातळ पसरवली तर गोंगाटातही संदेश वाचता येतो, आणि शेजाऱ्यालाही फारसा त्रास होत नाही. युद्धकाळात विकसित झालेले हे तंत्र सामान्य नागरिकांसाठी खुले करावे, असा प्रस्ताव १९८० च्या सुमारास त्यांनी लावून धरला. प्रस्थापितांचा विरोध झाला, काही वर्षे गेली, आणि ९ मे १९८५ रोजी आयोगाने निर्णय दिला. ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ यांच्या आसपासचे तीन पट्टे, एक वॉटपर्यंतच्या शक्तीचे बंधन पाळून, कोणीही परवान्याशिवाय वापरावेत.

आपल्या भाषेत सांगायचे तर आयोगाने एक गायरान मोकळे केले. गायरानाचे नियम तेच. मालकी कोणाचीच नाही, गुरे सगळ्यांची चरतील, दुसऱ्याच्या गुरांबद्दल तक्रार चालणार नाही. पट्टा कोणाला विकला गेला नाही म्हणून त्याचे भाडे नाही आणि भाडे नाही म्हणून आपल्या राऊटरला दरमहा शुल्क नाही. स्वस्ताईचे पहिले मूळ इथे आहे.

एक अभिनेत्री आणि एक गैरसमज

इथे एका प्रसिद्ध गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण विद्यार्थी ती हमखास विचारतात. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये एक एकस्व मिळाले. पाणतीराला रेडिओने दिशा देताना शत्रूने अडथळा आणू नये म्हणून प्रक्षेपक आणि ग्राहक या दोघांनी एकाच वेळी वारंवारता बदलत राहायची, अशी ती कल्पना होती. पियानोला जेवढ्या पट्ट्या, तेवढ्याच म्हणजे ८८ वारंवारता त्यांनी सुचवल्या होत्या.

कल्पना अस्सल होती आणि त्या दोघांना तिचा पैसा मिळाला नाही, हेही खरे. पण 'हेडी लामारने वायफायचा शोध लावला' हे विधान इतिहासाला धरून नाही. वारंवारता बदलत राहण्याचा विचार त्यांच्या आधीही काहींनी केला होता. शिवाय आजचे वायफाय अशा उड्या मारत नाही. उड्या मारते ते ब्लूटूथ. शोधाचे सगळे श्रेय एकाच्या पदरात टाकण्याची आपली हौस जुनीच आहे. वायफायच्या बाबतीत ती विशेष दिशाभूल करते, कारण हे काम अनेक हातांचे आहे.

गल्ल्यावरच्या यंत्रांपासून घरापर्यंत

पट्टा मोकळा झाल्यावर त्यात पहिल्यांदा उतरलेल्यांपैकी एक होती दुकानातल्या गल्ल्यावरची यंत्रे बनवणारी एन.सी.आर. ही कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की यंत्रांच्या तारा उखडून पुन्हा टाकाव्या लागत. त्या नको होत्या, म्हणून कंपनीच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी बिनतारी जोडणीवर काम सुरू केले. पण प्रत्येक कंपनी आपापली भाषा बोलू लागली तर गायरान असून उपयोग काय? या अभियंत्यांपैकी व्हिक्टर हेज यांनी 'आय ट्रिपल ई' या अभियंत्यांच्या संघटनेच्या समितीचे अध्यक्षपद १९९० पासून दहा वर्षे सांभाळले. कंपन्यांचे मतभेद मिटवत १९९७ साली पहिले मानक मंजूर झाले. त्याचा क्रमांक ८०२.११ आणि गती सेकंदाला फक्त १ ते २ मेगाबिट. १९९९ साली ११ मेगाबिटचे सुधारित मानक आले. त्याच वर्षी जुलैत ॲपल कंपनीने ९९ डॉलरचे कार्ड आणि २९९ डॉलरचे तळकेंद्र बाजारात आणले, आणि बिनतारी जाळे कचेरीतून घरात आले.

'वायफाय' हे नावही १९९९ चेच. एका नामकरण करणाऱ्या संस्थेकडून ते पैसे देऊन घेतले होते. त्याला विस्तार असा काही नाही, ते नुसते उच्चारायला सोपे आहे. तेव्हा प्रश्नमंजूषेत 'वायफायचे दीर्घ रूप लिहा' असा प्रश्न कृपया घालू नये.

भिंतींचे प्रतिध्वनी आणि कल्याणच्या थाळ्या

घरात आल्यावर नवी अडचण उभी राहिली. उघड्या मैदानात लहर सरळ पोचते. खोलीत ती भिंती, कपाट, पंखा यांच्यावर आपटून अनेक वाटांनी पोचते. रिकाम्या सभागृहात बोलताना आपलेच शब्द एकमेकांत मिसळतात, तसेच हे. इथे थोडे अंकगणित करू. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. एखादी लहर भिंतीवर आपटून १० मीटर जास्त अंतर चालून आली तर तिला सुमारे ३३ नॅनोसेकंद उशीर होईल. सेकंदाला ५४ मेगाबिट या गतीने एकामागून एक बिट पाठवले तर प्रत्येक बिटाच्या वाट्याला जेमतेम १८ नॅनोसेकंद येतात. म्हणजे पहिल्या बिटाचा प्रतिध्वनी पोचेपर्यंत दुसरा बिट संपत आलेला असतो. सगळा कालवा!

यावरचा उपाय असा की एकच घाईची रांग लावण्याऐवजी अनेक संथ रांगा लावायच्या. ५४ मेगाबिटच्या मानकात पट्ट्याचे बारीक भाग करून ४८ शेजारी वारंवारतांवर एकाच वेळी माहिती पाठवतात. मग एकेक संकेत ४ मायक्रोसेकंद रेंगाळला तरी चालते. ३३ नॅनोसेकंदांचा उशीर त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी, म्हणून प्रतिध्वनी निरुपद्रवी ठरतो. इतक्या वारंवारता एकत्र गुंफणे आणि पुन्हा सुट्या करणे हे काम 'फूरिये रूपांतर' या गणिती क्रियेने होते. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी ती झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे ती एका चिपमध्ये मावू लागली.

अनेक वारंवारतांची मूळ कल्पना १९६० च्या दशकातली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतली. पण खोलीतल्या प्रतिध्वनींवर मात करणारी पूर्ण पद्धत आखण्यात एका ऑस्ट्रेलियन गटाचा मोठा वाटा आहे, आणि हा गट होता रेडिओ खगोलशास्त्राच्या परंपरेतला. जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एक वेगळाच शोध चालवला होता. स्टीफन हॉकिंग यांच्या भाकितानुसार लहान कृष्णविवरे नष्ट होताना स्फोट व्हावेत. त्यांतून निघालेला क्षणिक रेडिओसंकेत सापडतो का, हे ते पाहत होते. संकेत सापडला नाही. तो शोधनिबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला तो 'सापडले नाही' एवढेच सांगणारा. मात्र अवकाशातून येताना विसकटलेला संकेत गणिताने सावरण्याची विद्या हाती राहिली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संस्थेत हेच ओसलिव्हन चार सहकाऱ्यांसह बिनतारी जाळ्याकडे वळले. अमेरिकेतले त्यांचे एकस्व १९९६ साली मंजूर झाले. नंतर कंपन्यांशी न्यायालयीन तंटे होऊन २०१२ पर्यंत संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. कृष्णविवरांच्या शोधासाठी पैसे मागणाऱ्याला 'याचा उपयोग काय' असे विचारले जाते, तेव्हा हे उदाहरण हाताशी असावे.

याच संस्थेच्या रेडिओभौतिकी प्रयोगशाळेशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. गोविंद स्वरूप हे तरुण संशोधक १९५३ ते १९५५ या काळात सिडनीला तिथे काम करत होते. सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या तिथे मोडीत निघणार होत्या. त्या भारताला भेट म्हणून मिळाल्या, आणि १९६५ साली स्वरूप यांच्या गटाने मुंबईजवळ कल्याणला त्यांची दुर्बीण उभी केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलशास्त्राची ती सुरुवात. पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महाकाय दुर्बीण उभी राहिली, तीही याच गटाच्या कामातून. तिच्या संकेतांवरही रोज फूरिये रूपांतर चालते. दीर्घिकांचे मंद संकेत आणि आपल्या माजघरातला राऊटर यांच्यामागे गणित एकच आहे.

आपल्याकडचे गायरान

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. बाहेरून येणाऱ्या बिनतारी उपकरणांबाबत म्हणूनच बराच काळ संदिग्धता होती. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने नियम काढून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी घरात आणि घराबाहेर परवानामुक्त केला. अमेरिकेनंतर वीस वर्षांनी आपले गायरान मोकळे झाले. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झच्या प्रदेशातही अशीच मोकळीक मिळाली, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीची.

या दोन आकड्यांची तुलना करून पाहावी. २.४ चे गायरान फक्त ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. साधारण २० मेगाहर्ट्झच्या, एकमेकींना न छेदणाऱ्या तीनच वाटा त्यात बसतात: क्रमांक १, ६ आणि ११. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या वीस बिऱ्हाडांचे वीस राऊटर, प्रत्येकाचे ब्लूटूथ आणि कोणाची तरी मायक्रोवेव्ह भट्टी, सगळ्यांची गुरे या तीन वाटांवर! ५ चे रान सातपट मोठे आणि अजून बरेच मोकळे आहे. पण त्याची लहर आखूड, साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. भिंतीतून जाताना ती २.४ च्या साडेबारा सेंटिमीटर लहरीपेक्षा लवकर थकते.

खोक्यातला संगणक

स्वस्ताईचे दुसरे मूळ खोक्याच्या आत आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राऊटर आला आणि जगभर खपला. २००३ च्या मध्यात काही जाणकारांच्या लक्षात आले की त्याच्या पोटात 'लिनक्स' ही मुक्त आज्ञावली आहे. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी मिळून लिहिलेली ही आज्ञावली कोणीही फुकट वापरावी, पण तिच्यावर आधारलेले काही विकले तर आपल्या बदलांसह मूळ संहिता खुली करावी, अशी तिची अट आहे. कंपनीने संहिता खुली केली. त्यातून २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प निघाला आणि हौशी मंडळी जुन्या राऊटरांना नवे आयुष्य देऊ लागली. म्हणजे हवेतल्या गायरानासारखेच आज्ञावलीचेही एक गायरान आहे, आणि आजचे कित्येक स्वस्त राऊटर त्यावर पोसले जातात.

याच संगणकात धोकाही आहे. १९९७ च्या मानकातली कुलूपबंदी २००१ साली गणितज्ञांनी तोडून दाखवली. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ अशी कुलपे आली. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द न बदललेले कॅमेरे आणि राऊटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. ज्यांच्या घरातली ती उपकरणे होती त्यांना याचा पत्ताही नव्हता. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदाच झाला आहे. सरसकट एकच सोपा परवलीचा शब्द घालून उपकरण विकता येत नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हे उत्पादकाला सांगावे लागते.

मग कोणता घ्यावा?

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. आधी आमची फजिती सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या मुलीचा ऑनलाइन वर्ग सारखा तुटू लागला. आम्ही लहरींवर शोधनिबंध लिहिणारे! तरी घाईघाईने सहा अँटेनांचा महागडा राऊटर आणला आणि जुन्याच जागी, म्हणजे टीव्हीच्या मागे लोखंडी कपाटाशेजारी, ठेवला. फरक शून्य. शेवटी मुलीनेच तो उचलून दिवाणखान्याच्या मध्ये उंच फळीवर ठेवला आणि काम झाले. जुना राऊटर तिथे ठेवला असता तरी झाले असते.

तेव्हा पहिला सल्ला असा की घेण्यापूर्वी हलवून पाहा. फायबरची जोडणी असेल तर कंपनीने दिलेल्या खोक्यातच बहुधा वायफाय असते. ते कपाटातून बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. कदाचित दीड हजार वाचतील.

नवा घ्यायचाच तर दोन पट्ट्यांचा, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही असणारा घ्यावा. वस्तीत दाटी असेल तर हा फरक सर्वांत मोठा. खोक्यावरच्या 'एसी १२००' या आकड्याने बिचकू नये. तो दोन पट्ट्यांच्या कमाल गतींची बेरीज आहे: ३०० अधिक ८६७, आणि मग वरच्या बाजूला पूर्णांक! एका मोबाइलला ही बेरीज कधीच मिळत नाही. ऐकणे, थांबणे, पावती देणे यांत बराच वेळ जात असल्याने प्रत्यक्ष गती छापील गतीच्या निम्म्याच्या आसपास धरावी. घराला येणारी जोडणी ५० मेगाबिटची असेल तर हजारांचे आकडे तसेही वाया जातात. जोडणी १०० मेगाबिटहून जास्त असेल तर मात्र राऊटरच्या मागच्या तारेच्या खोबणीची गती पाहावी. स्वस्त नमुन्यांत ती पुष्कळदा १०० वरच अडते.

अँटेनांबाबत भाच्याचे ऐकावे. प्रक्षेपणाची कमाल शक्ती नियमाने बांधलेली आहे, अँटेना वाढवून ती वाढत नाही. दोन अँटेना दोन स्वतंत्र प्रवाह वाहून नेऊ शकतात, आणि आपले बहुतेक मोबाइल दोनच प्रवाह घेतात.

आणि जे खोक्यावर ठळक छापलेले नसते ते मुद्दाम विचारावे. डब्ल्यूपीए-३, निदान डब्ल्यूपीए-२ आहे का? उत्पादक आज्ञावलीच्या दुरुस्त्या किती वर्षे देतो? त्याच्या संकेतस्थळावर या नमुन्याची शेवटची दुरुस्ती कधीची आहे? दुकानात पडून राहिलेला, दुरुस्त्या थांबलेला राऊटर पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी तो महागच. घरी आणल्यावर परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

सिग्नलची तीव्रता डेसिबलमध्ये दाखवणारे ॲप मोबाइलवर घ्यावे. राऊटरपासून एक, दोन, चार, आठ मीटरवर नोंदी घेऊन आलेख काढावा. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, हे सांगून ठेवावे. मग मध्ये पाण्याची बादली, लाकडी फळा, विद्यार्थ्यांची रांग आणि भिंत असे अडथळे आणून २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांत फरक पाहावा. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावावे. सिग्नल बहुधा पुरता बंद होणार नाही. का, याचा विचार मुलांनाच करू द्यावा. झाकणाची फट त्यांना आपोआप सापडेल. अलोहाचा खेळ तर साधनांशिवाय होतो. दहा मुलांनी डोळे मिटून मनाला येईल तेव्हा एकेक टाळी वाजवायची. दोन टाळ्या एकत्र पडल्या तर दोन्ही बाद, आणि बाद झालेल्याने पुन्हा वाजवायची. पाच मिनिटांत किती टाळ्या सुट्या पडल्या ते मोजावे. मग 'आधी ऐका' हा नियम घालून पुन्हा मोजावे.

गायरानाला मालक नसतो, म्हणून ते राखण्याचे काम सगळ्यांवर येते. आपल्या राऊटरची वाट शेजाऱ्याच्या वाटेवर येते का हे पाहणे आणि आपला परवलीचा शब्द बदलणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. त्या बाईंचा पत्ता आम्ही तेव्हा लिहून घेतला नाही. हा अंक त्यांच्या शाळेत येत असेल तर उत्तर असे: दोन पट्ट्यांचा, दोन अँटेनांचा, दुरुस्त्या चालू असलेला, आणि कपाटाच्या मागे ठेवू नका.